कार्पेट शुक्रवारी रात्री काढून शनिवारी लॅमिनेट? मध्ये निदान आठवडा ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रत्येकी साधारण बारा चौरस मीटरच्या दोन खोल्या आहेत आणि दोन्हींत भिंतीपासून भिंतीपर्यंत जुनं कार्पेट आहे. एका खोलीत ते कडेला उचललं तर सुटतं आणि खाली फोम दिसतो, दुसऱ्या खोलीत ते जमिनीला चिकटलेलं वाटतं. शनिवारी क्लिक पद्धतीचं लॅमिनेट बसवायला माणसं येणार आहेत. शुक्रवारी संध्याकाळी कार्पेट आपणच काढून ठेवलं तर चालेल का, हत्यारं कोणती लागतील, आणि खालचा फोम तसाच ठेवला तर पायाला मऊ लागेल का?

कार्पेट तुम्ही स्वतः काढू शकता. त्यात अवघड असं काही नाही, दमवणारं मात्र आहे. फोम ठेवायचा नाही, त्याचं कारण पुढे येईलच. खरी अडचण आहे ती शुक्रवारी संध्याकाळची. कार्पेट हे जमिनीवरचं पांघरूण असतं. ओल, उंचसखलपणा, तडे, जुना गोंद, कुजलेली फळी, सगळं ते वर्षानुवर्षं झाकून ठेवतं. लॅमिनेट यातलं काहीच झाकत नाही, उलट दोन-चार महिन्यांत आवाज करून किंवा सांधे उघडून दाखवून देतं. खाली काय आहे हे तुम्हाला शुक्रवारी रात्री दहा वाजता कळलं तर शनिवारी सकाळी करण्यासारखं काही उरत नाही. बसवणाऱ्यांना पुढची तारीख मिळत असेल तर घ्या. नसेल तर कार्पेट आत्ताच, आठवडाभर आधी काढा.

किती वेळ लागेल हे कार्पेट कसं बसवलंय यावर ठरतं. सुट्या कार्पेटची बारा चौरस मीटरची खोली एक माणूस दोन-तीन तासांत रिकामी करतो आणि खिळे, पिना काढायला तेवढाच वेळ आणखी जातो. चिकटवलेल्या खोलीला एक दिवस लागेल की दोन, हे गोंद ठरवतो. खाली लाकूड आहे की काँक्रीट, घर किती जुनं आहे आणि खोली तळमजल्यावर आहे की वर, यावरही पुढचं बरंच अवलंबून आहे. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही शक्यता धरून लिहितो.

सुरुवात कार्पेट फाडण्यापासून करू नका. सर्वांत आतल्या कोपऱ्यात, कपाटाच्या मागे वगैरे, पक्कडीने कोपरा धरून हातभर उचला आणि खाली टॉर्च मारा. पहिल्यांदा पाहायचं ते एकच: जुन्या टाइल आहेत का, आणि काळ्या डांबरासारखा गोंद आहे का. १९८० च्या आधीच्या बांधकामांत, काही देशांत त्यानंतरच्याही, व्हिनाइलच्या टाइलमध्ये आणि त्या चिकटवण्याच्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणजे श्वासातून फुप्फुसात जाऊन घात करणारे बारीक खनिज तंतू. अशा जुन्या टाइलचं एक नेहमीचं माप म्हणजे नऊ इंची चौकोन, साधारण २३ सेंटीमीटर. पण मापावरून किंवा रंगावरून खात्री होत नाही, ती फक्त प्रयोगशाळेतल्या तपासणीनेच होते. शंका आली की तिथेच थांबा. खरवडू नका, घासू नका, झाडू मारू नका आणि घरातला व्हॅक्यूम तर लावूच नका, कारण त्याच्या फिल्टरमधून ते तंतू आरपार जाऊन खोलीभर पसरतात. टाइल अखंड आणि घट्ट बसलेल्या असतील तर पुष्कळदा त्यांना हात न लावता वरून नवीन फ्लोअरिंग टाकणं हाच सर्वांत सुरक्षित मार्ग असतो. मात्र तुमच्याकडचे नियम काय सांगतात ते आधी पाहून घ्या. हे काम हौशी माणसाचं नाही.

तसं काही नसेल तर तयारीला लागा. दाट कापडाचे किंवा चामड्याचे हातमोजे हवेत. साधे रबरी मोजे खिळ्यांपुढे टिकत नाहीत. जाड तळाचे बूट, गुडघ्यांना पॅड, डोळ्यांना गॉगल आणि एन ९५ किंवा एफएफपी २ दर्जाचा मास्क घ्या. कार्पेटच्या तळाशी जमलेली धूळ पिठासारखी बारीक असते. दमा असलेल्या माणसाने त्या दिवशी घरात न थांबलेलंच बरं. हत्यारांत जाड कटर आणि त्याची भरपूर पाती, पक्कड, चपटी कटावणी, हातोडी, लांब दांड्याचं स्क्रॅपर आणि पिना उपटायला बोथट स्क्रू-ड्रायव्हर, एवढं पुरतं. पात्यांची कंजुषी करू नका. कार्पेटच्या तंतूंत वाळूचे कण अडकलेले असतात आणि दोन-तीन मीटर कापलं की पात्याची धार जाते. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि हात कापतो तो अशाच वेळी.

भिंतींना रंग द्यायचा असेल तर तो कार्पेट काढायच्या आधी द्या. जुन्या कार्पेटसारखं शिंतोडे झेलणारं फुकटचं अंथरूण पुन्हा मिळत नाही.

खोली पूर्ण रिकामी करा, व्हॅक्यूम करा, दार बिजागऱ्यांवरून उतरवून ठेवा. मग फवारणीच्या बाटलीने कार्पेटवर पाण्याचा हलका शिडकावा मारा. धूळ दबावी एवढाच. भिजवलंत तर वजन दुप्पट होईल आणि खालची जमीनही ओली होईल, आणि ओल तर आपल्याला नंतर तपासायची आहे. खिडक्या उघड्या ठेवा, दाराच्या चौकटीला प्लास्टिक लावा आणि वातानुकूलनाची जाळी बंद करा.

आधी सुट्या कार्पेटची खोली घेऊ. असं कार्पेट चारही भिंतींच्या कडेने ठोकलेल्या ग्रिपरवर ताणून अडकवलेलं असतं. ग्रिपर म्हणजे साधारण २५ मिलिमीटर रुंदीची पातळ लाकडी पट्टी. तिच्यातून टोकदार खिळे तिरके वर आलेले असतात आणि त्यांचा कल भिंतीकडे असतो. हा कल लक्षात ठेवला तर निम्मे कष्ट वाचतात. बहुतेक जण कार्पेट धरून खोलीच्या मध्याकडे ओढतात, आणि नेमक्या त्याच ओढीला रोखण्यासाठी ते खिळे तिरके केलेले असतात. पक्कडीने कोपरा भिंतीला लागून धरा आणि सरळ वर, किंचित भिंतीच्या दिशेने उचला. चट् चट् करत सुटत जाईल. एक बाजू सुटली की बाकीचं हातानेच निघतं.

एक भिंत सुटली की कार्पेट मीटरभर उलटं दुमडा आणि पाठीमागून, म्हणजे अस्तराच्या बाजूने कापा. तिथे वाळू कमी असते, अस्तराच्या विणीची रेघ सरळ मिळते आणि पातं दुमडलेल्या कार्पेटवरच चालत असल्याने खालच्या जमिनीला चरे पडत नाहीत. खाली चांगल्या लाकडी फळ्या निघाल्या तर या सवयीची किंमत कळते. पट्टे ७५ सेंटीमीटर रुंदीचे करा. तीन मीटर बाय चार मीटरच्या खोलीत चार मीटर लांबीचे चार पट्टे होतात आणि एकेक गुंडाळी साधारण सहा-सात किलोची भरते, ती एक माणूस जिन्यावरून सहज उतरवतो. अखंड कार्पेट गुंडाळायचा मोह होतो, पण ती वळकटी दारातून वळत नाही आणि कंबर धरते. गुंडाळी करताना केसांची बाजू आत ठेवा म्हणजे धूळ आतच राहते, आणि दोन जागी सुतळी किंवा चिकटपट्टी मारा.

दारात बहुधा धातूची पट्टी असते. ती स्क्रूने बसवलेली असेल तर स्क्रू काढा. काही पट्ट्यांना कार्पेटवर ठोकून बसवलेला ओठ असतो, तो कटावणीने आधी उचलावा लागतो. बाहेरच्या पॅसेजमधलं कार्पेट राहणार असेल तर कापायची रेघ बंद दाराच्या जाडीच्या मधोमध धरा आणि पॅसेजच्या बाजूला तीन-चार सेंटीमीटर जास्तीचं सोडा. नवीन जोडपट्टी बसवणाऱ्याला ते लागतं. जास्तीचं नंतर कापता येतं, कमी पडलेलं जोडता येत नाही.

आता तो फोम, म्हणजे अंडरले. लॅमिनेटच्या फळ्या एकमेकींत खाचेने अडकतात. पाय पडला की खालचा थर दबतो आणि सांध्यावर जोर येतो. कार्पेटचा फोम आठ ते अकरा मिलिमीटर जाड आणि मुद्दाम मऊ केलेला असतो, त्यामुळे लॅमिनेट प्रत्येक पावलाला वाकतं आणि खाचेची ती पातळ जीभ मोडते. लॅमिनेटखालचं अंडरले दोन-तीन मिलिमीटरचं आणि घट्ट असतं ते याचसाठी. पायाला मऊ लागावं असं वाटत असेल तर वरून सुटी सतरंजी टाका.

फोमचेही तसेच पट्टे करून गुंडाळा. काँक्रीटवर तो जागोजागी चिकटवलेला असतो, ते ठिपके स्क्रॅपरने निघतात. लाकडावर तो स्टेपलच्या पिनांनी ठोकलेला असतो आणि एका खोलीत अशा शेकडो पिना असतात. हे सर्वांत कंटाळवाणं काम. पिनेच्या एका पायाखाली स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटा आणि पक्कडीने उपटा. पाय तुटून आत राहिला तर खिळा बुडवायच्या टोच्याने आत ठोका. सगळ्या निघाल्या असं वाटल्यावर स्क्रॅपर आडवं धरून जमिनीवर लांब फिरवा. नजरेतून सुटलेली पीन टक् करून लगेच सांगते. एखादी राहिली तरी चालेल असं समजू नका. लॅमिनेटखाली राहिलेली पीन अंडरले भोसकते आणि त्या जागी दर वेळी पाय पडला की कुरकुरते.

ग्रिपर काढताना घाई नको. कटावणीचं टोक पट्टीखाली खिळ्याच्या अगदी शेजारी घाला आणि हातोडीने हलकं ठोकून उचला. दोन खिळ्यांच्या मधोमध उचकटलंत तर पट्टी तडकते आणि खिळे जमिनीतच राहतात. कटावणी टेकवण्यासाठी स्कर्टिंगला, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीला, पातळ प्लायचा तुकडा लावा, नाहीतर प्रत्येक ठिकाणी चेप पडेल. लाकडी जमिनीतून हे खिळे सहज येतात. काँक्रीटमध्ये मात्र प्रत्येक खिळा आपल्याबरोबर काँक्रीटचा टवका घेऊन येतो. बारा चौरस मीटरच्या खोलीचा घेर चौदा मीटर, म्हणजे साठ-सत्तर खड्डे सहज पडतात. त्याने घाबरून जाऊ नका, दुरुस्तीच्या सिमेंटी मसाल्याने ते भरायचे असतात. पण मसाला वाळायला वेळ लागतो, आणि शुक्रवारच्या बेतात नेमका तोच नाही. काढलेल्या पट्ट्या लगेच तोडून पत्र्याच्या डब्यात किंवा जाड खोक्यात टाका. प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या तर पिशवी उचलणाऱ्याच्या पोटरीत खिळे घुसतात. जमिनीत गरम पाण्याच्या नळ्या किंवा तापवणाऱ्या तारा असतील तर कुठेही ठोकू किंवा भोक पाडू नका.

आता दुसरी, चिकटवलेली खोली. इथे पट्टे अरुंद हवेत, १५ ते ३० सेंटीमीटरचे. कारण साधं आहे: ओढायला लागणारा जोर पट्ट्याच्या रुंदीबरोबर वाढतो. वरून, केसांच्या बाजूने कापावं लागतं. खाली काँक्रीट असेल तर बिनधास्त कापा, लाकूड असेल तर पातं कार्पेटच्या जाडीइतकंच बाहेर ठेवा. पट्ट्याचं टोक सोडवलं की एकाने तो मागे दुमडून ओढावा आणि दुसऱ्याने जोडाच्या रेघेत स्क्रॅपर सरकवत राहावं. स्क्रॅपर जमिनीशी तीसेक अंशांत ठेवलं तर ते गोंदाखाली शिरतं, जास्त उभं धरलं तर जमीन खरवडतं. पातं इथेही वारंवार बदला.

कार्पेटच्या पाठीला विणलेलं अस्तर असेल तर ते बऱ्यापैकी अखंड निघतं. पाठीला रबरी फोम चिकटवलेला असेल आणि तो जुना असेल, तर कार्पेट हातात येतं आणि कुजलेल्या फोमचा थर जमिनीवरच राहतो, कुठे भुकटीसारखा, कुठे च्युइंगमसारखा. वाळलेली भुकटी कोरडीच खरवडा. तिच्यावर पाणी मारलं तर चिखल होतो आणि काम वाढतं.

कार्पेट निघालं की गोंद उरतो. इथे पहिला प्रश्न ‘गोंद कसा काढू’ हा नाही, ‘किती काढायला हवा’ हा आहे, आणि त्याचं उत्तर वर काय येणार आहे यात आहे. तुमचं लॅमिनेट तरंगतं, म्हणजे जमिनीला चिकटत नाही. त्यामुळे गोंदाचे उंचवटे आणि रेघा निघाल्या, स्क्रॅपर अडखळत नाही आणि हाताला चिकट लागत नाही, एवढं पुरे. डाग राहिले तरी चालतील. तुम्ही नंतर विचार बदलून पातळ व्हिनाइल चिकटवायचं ठरवलं, तर मात्र सगळा गोंद काढावा लागेल. दोन-अडीच मिलिमीटरच्या व्हिनाइलमधून खालची प्रत्येक रेघ वर उमटते, शिवाय रबर आणि डांबरी गोंदामुळे व्हिनाइलवर पिवळे-तपकिरी डाग येतात. सिरॅमिक टाइल बसवायच्या असतील तरीही तेच, कारण टाइलचा मसाला गोंदावर नीट धरत नाही.

काढण्याची पद्धत आधी तळहाताएवढ्या जागेवर करून पाहा. वाळून ठिसूळ झालेला गोंद कोरडाच टवके उडत निघतो, आणि खोली थंड असेल तर आणखी चांगला निघतो. पाण्यात फुगणारा असेल तर काँक्रीटवर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल वीसेक मिनिटं ठेवा, तो मऊ होऊन लोण्यासारखा खरवडता येईल. लाकडावर हा प्रयोग नको. कायम चिकट राहणारा गोंद, जो चौकोनी तुकड्यांच्या कार्पेटखाली सापडतो, तो हीट गनने मऊ होतो. ओळख न पटलेल्या काळ्या गोंदाला मात्र उष्णताही नको.

रासायनिक द्रावणांबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. त्यातली बरीच ज्वालाग्राही असतात. गॅसच्या उपकरणातली सतत जळणारी छोटी ज्योत, हीटर, साधी विजेची ठिणगीही पुरते. आणि दुसरं, द्रावण गोंद पातळ करून काँक्रीटच्या छिद्रांत मुरवतं. वर स्वच्छ दिसतं, पण नंतर वर येणारा प्रायमर किंवा लेव्हलिंगचा, म्हणजे जमीन सपाट करायला ओतायचा, थर तिथे धरत नाही. ग्राइंडरला हिऱ्याची वाटी लावून घासणं हा काँक्रीटवरचा सर्वांत पक्का उपाय आहे, पण त्यातून उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. धूळ ओढणारं आवरण आणि त्याला जोडलेला योग्य फिल्टरचा व्हॅक्यूम असल्याशिवाय ते करू नका. लाकडावरचा गोंद पॉलिश मशीनने घासायला गेलात तर गोंद तापून पॉलिश पेपर मिनिटभरात बुजतो. आधी खरवडा, मगच घासा.

ज्यासाठी आठवडा मागतोय ते काम आता सुरू होतं. रिकामी जमीन एक रात्र तशीच ठेवा. सकाळी दार-खिडक्या उघडण्याआधी आत जा आणि वास घ्या. कोंदट वास, फोमच्या पोटावर काळे ठिपके, ग्रिपरचे गंजलेले खिळे, काँक्रीटवर फुललेला पांढरा लोणा, यांतलं काहीही दिसलं तर खाली ओल आहे किंवा कधीतरी होती. गंजलेले खिळे एकाच भिंतीला असतील तर त्या भिंतीच्या पलीकडे नळ, न्हाणीघर किंवा पावसाचा मारा आहे का ते पाहा.

कार्पेट श्वास घेतं. काँक्रीटमधून येणारी थोडी ओल त्यातून उडून जाते आणि म्हणून वीस वर्षं कोणाला काही जाणवत नाही. लॅमिनेट आणि व्हिनाइल ती वाट बंद करतात. अडकलेली ओल मग फळीच्या कडा फुगवते किंवा गोंद सोडवते. ‘इतकी वर्षं कार्पेट ठीक होतं, म्हणजे जमीन कोरडी आहे’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरतो.

साधी चाचणी अशी: ४५ सेंटीमीटर चौकोनी पारदर्शक प्लास्टिक काँक्रीटवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा. निदान सोळा तास ठेवा, मी चोवीस ठेवतो. खोलीत तीन-चार ठिकाणी, त्यातली एक बाहेरच्या भिंतीजवळ. प्लास्टिकच्या आत थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट गडद झालं तर ओल आहे. काही दिसलं नाही तर मात्र जमीन कोरडी असल्याची हमी मिळत नाही, कारण खोलवरची ओल या वेळात वर येईलच असं नाही. शंका असेल तर काँक्रीटमध्ये भोक पाडून आतली सापेक्ष आर्द्रता मोजणारं यंत्र असतं, ते असलेल्या माणसाला बोलवा. तळमजल्यावरच्या काँक्रीटवर लॅमिनेटखाली ०.२ मिलिमीटर जाडीचा पॉलिथिनचा थर घालाच, जोडांवर २० सेंटीमीटरचा चढ देऊन आणि पट्टी मारून. तुमच्या अंडरलेला तो आधीच जोडलेला असेल तर दुसरा नको. ही वाफ अडवायची सोय आहे, गळक्या नळीवरचा इलाज नव्हे. आणि खाली लाकडी फळ्या असतील तर असा थर विचार न करता घालू नका, खालून येणारी ओल त्यात कोंडून लाकूड कुजतं.

मग सपाटी. दोन मीटर लांबीची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी घ्या आणि जमिनीवर सगळ्या दिशांनी फिरवा. पट्टीखाली २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे पेन्सिलने गोल करा. नक्की मर्यादा तुमच्या लॅमिनेटच्या खोक्यावर छापलेली असते, तीच धरा. जमीन उताराची असली तर फारसं बिघडत नाही, खड्डा आणि उंचवटा बिघडवतो. उंचवटे घासून, खड्डे भरून काढायचे. पूर्ण खोलीला सेल्फ लेव्हलिंग कंपाऊंड ओतायचं ठरलं तर दर चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीला साधारण १.६ किलो भुकटी धरा. बारा चौरस मीटरला सरासरी तीन मिलिमीटर म्हणजे ५८ किलोच्या आसपास, पंचवीस किलोच्या तीन पिशव्या. त्याआधी धूळ पूर्ण काढून प्रायमर मारणं सक्तीचं समजा, हे टाळलं की वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच मोजून घाला. पातळ केलं तर छान पसरतं आणि वाळल्यावर खडूसारखं भुसभुशीत होतं. लाकडी जमिनीवर साधं कंपाऊंड तडकतं, तिथे लाकडासाठीचं वेगळं मिळतं.

लाकडी जमीन असेल तर उघडी आहे तोवर सगळीकडे चालून बघा. जिथे कुरकुरते तिथे फळी खालच्या वाशाला स्क्रूने आवळा. खिळा नको, तो पुन्हा सैल होतो. फळीखाली नळ्या आणि तारा कुठून जातात ते आधी पाहा आणि स्क्रू लागेल त्याहून लांब घेऊ नका. बोट लावून दबणारी किंवा काळी पडलेली फळी बदलाच.

घरात कुत्रा-मांजर असेल तर मुताचे डाग फोमपर्यंत आणि पुढे जमिनीत गेलेले असतात. दमट हवेत तो वास परत येतो. आधी एन्झाइमवाला क्लीनर बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतका मुरू द्या, पूर्ण वाळवा, आणि तरीही वास राहिला तर शेलॅकवर (लाखेवर) आधारित सीलरचा हात द्या. प्लायवूड आरपार भिजलं असेल तर तेवढा चौकोन कापून बदलणं अधिक स्वस्त पडतं.

दिवसांचा हिशेब असा मांडा. शनिवार-रविवारी कार्पेट, फोम, ग्रिपर आणि गोंद. सोमवारी झाडलोट करून ओलीची चाचणी लावा, मंगळवारी ती पाहा आणि पट्टीने सपाटी मोजा. बुधवारी खड्डे आणि लेव्हलिंग. त्यावर काही तासांत चालता येतं, पण फ्लोअरिंग कधी टाकायचं ते पिशवी सांगते आणि जाड थराला ते दिवसांत असतं. लॅमिनेटची खोकी बसवण्याआधी ४८ तास त्याच खोलीत आडवी ठेवायची असतात, पण लेव्हलिंगचा थर वाळत असताना नव्हे. तेव्हा खोलीत दमटपणा असतो आणि तो पुठ्ठ्यातून आत जातो. लेव्हलिंग करावं लागलं तर पुढचा शनिवारही हुकू शकतो, हे बसवणाऱ्यांना आत्ताच सांगून ठेवा.

स्कर्टिंगचं त्यांना फोन करायच्या आधी ठरवा. लॅमिनेटला चारही बाजूंनी ८ ते १० मिलिमीटरची जागा फुगायला लागते. कार्पेट काढल्यावर कधी कधी स्कर्टिंगखाली फट उरते. फळी तिच्याखाली सरकत असेल आणि आत ती जागा राहत असेल तर छानच. नसेल तर स्कर्टिंग उतरवून पुन्हा बसवावं लागेल किंवा पुढे फट झाकणारी बारीक पट्टी (बीडिंग) ठोकावी लागेल. उतरवायचंच तर आधी भिंतीच्या रेघेत कटर फिरवून रंगाचा पापुद्रा कापा, नाहीतर गिलाव्याचे टवके येतील, आणि प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर पेन्सिलने क्रमांक घाला. जुन्या घरातल्या रंगाच्या थरांत शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका.

दारांचं उलटं होतं. कार्पेट आणि फोम मिळून सोळा ते वीस मिलिमीटर भरतात, तुमचं लॅमिनेट आठ मिलिमीटरचं आणि अंडरले दोनचं धरलं तर मिळून दहा. म्हणजे दाराला रंधा मारावा लागणार नाही, पण खाली सहा-दहा मिलिमीटरची जास्तीची फट दिसेल. पॅसेजमधलं कार्पेट राहणार असेल तर दारात उंचीचा फरकही येईल. त्यासाठी दोन पातळ्यांची जोडपट्टी मिळते. तिचं माप कार्पेट काढायच्या आधीच, दारातल्या धातूच्या पट्टीपाशी घेऊन ठेवा.